फट न ठेवता प्राणी जुळवणे : कागदावर आवर्ती नक्षी रचण्याची पद्धत

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील मान मंदिर या राजवाड्याच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या चकाकत्या फरश्यांची नक्षी आहे आणि तिच्यात एकामागोमाग चालणाऱ्या पिवळ्या बदकांची ओळ आहे. राजा मानसिंह तोमर याच्या राज्यकाळात (१४८६ ते १५१६) घडलेल्या या भिंतींवर हत्ती, मगरी आणि केळीची झाडेही आहेत. तरीही ती बदकांची ओळच आपल्या विषयाच्या सर्वांत जवळची आहे, कारण तिथे एकच प्राणी त्याच मापात, त्याच अंतराने पुन्हा पुन्हा येतो. मात्र दोन बदकांच्या मधे निळी जागा शिल्लक राहते. किल्ल्याखाली, हजीरा भागात, तानसेनाच्या कबरीशेजारी मुहम्मद गौस यांचा मकबरा आहे आणि त्याच्या दगडी जाळ्यांमध्ये याच्या अगदी उलट घडते. तिथे प्राणी एकही नाही, पण एका आकाराची कड जिथे संपते तिथेच दुसऱ्या आकाराची कड सुरू होते आणि कुठेही बिनकामाची जागा उरत नाही. या लेखात ज्या नक्षीची कृती दिली आहे तिच्यात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात : प्राणी पहिल्या भिंतीवरचा आणि जुळणी दुसऱ्या जाळीची.

अशी नक्षी जगभर पोहोचवली ती हॉलंडचे चित्रकार मॉरित्स एशर (१८९८ ते १९७२) यांनी. स्पेनमधील ग्रॅनाडा येथील अलहंब्रा हा राजवाडा त्यांनी १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये पाहिला, तिथल्या भूमितीय फरश्यांच्या नकला काढल्या आणि नंतर त्याच भूमितीत सरडे, मासे, पक्षी आणि घोडेस्वार बसवले. त्यांची अशी १३७ क्रमांकित रेखाटने आहेत. ती पाहून पुष्कळांना वाटते की यासाठी विलक्षण हात हवा. हात हवाच, पण त्याआधी एक पद्धत हवी आणि ती पद्धत इयत्ता पाचवीतील मुलाला एका दुपारी शिकवता येते. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातील मराठी घरांतून दिवाळीच्या सुट्टीत मुलांना रांगोळीचे ठिपके जोडायला बसवण्याची रीत आहे. ठिपके जोडता येणाऱ्या मुलाला यातले निम्मे काम आधीच येत असते.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असू द्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. या नक्षीत आपण प्राणी काढत नसून दोन प्राण्यांमधली हद्द काढत असतो. कागदावर ओढलेली प्रत्येक रेषा एका बाजूने एका प्राण्याची पाठ असते आणि दुसऱ्या बाजूने दुसऱ्या प्राण्याचे पोट असते. एकाच बाजूकडे लक्ष ठेवून रेषा ओढली तर तो प्राणी सुरेख होतो आणि शेजारचा ओळखू येत नाही. पण शेजारचा म्हणजे तोच प्राणी असल्यामुळे शेवटी दोन्ही बिघडतात.

साहित्य

फार काही लागत नाही. पातळ कार्डशीट, साधा कोरा कागद, ट्रेसिंग पेपर किंवा किराणा दुकानात मिळणारा बटर पेपर, टोकदार पेन्सिल, खोडरबर, पट्टी, गुण्या, कंपास, लहान कात्री, पारदर्शक चिकटपट्टी आणि एक टाचणी एवढे पुरे. हे सगळे ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकाच्या आसपासच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळते. साच्यासाठी नवे कार्ड विकत घ्यायचे नसेल तर जुन्या लग्नपत्रिका उत्तम असतात. त्यांचा कागद जाड असतो आणि कड झिजत नाही. एकच साचा पुष्कळदा फिरवायचा असेल तर शेवटचा, पक्का साचा जुन्या एक्स-रे फिल्ममधून कापावा. ती पारदर्शक असल्यामुळे खालच्या रेषा दिसतात आणि साचा नेमका बसवता येतो.

कोणत्या आकारापासून निघावे

फट न ठेवता कागद भरणारे, सर्व बाजू आणि सर्व कोन समान असलेले आकार फक्त तीन आहेत : समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन. याचे कारण कोपऱ्यात सापडते. एका बिंदूभोवती ३६० अंश असतात आणि तिथे जमणाऱ्या आकारांच्या कोनांची बेरीज नेमकी तेवढी व्हावी लागते. त्रिकोणाचे ६० अंशांचे सहा कोन, चौरसाचे ९० अंशांचे चार कोन आणि षटकोनाचे १२० अंशांचे तीन कोन ही अट पुरी करतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा असतो. असे तीन कोन जमवले तर ३२४ अंश होतात, ३६ अंशांची फट उरते आणि चौथा पंचकोन तिच्यात मावत नाही. बाजू असमान चालत असतील तर मात्र कोणताही त्रिकोण आणि कोणताही चौकोन, तो कितीही वेडावाकडा असला तरी, कागद भरू शकतो. नव्याने शिकणाऱ्याने चौरस, मग आयत आणि नंतर षटकोन हा क्रम धरावा असे माझे मत आहे. मुलांना षटकोनाचे आकर्षण जास्त असते, पण चौरसावर रेषेची सवय झाल्याशिवाय षटकोन हाती घेतला तर गोंधळ उडतो.

सरकवण्याची पद्धत : बदक

कार्डशीटवर ६ सेंटीमीटर बाजूचा चौरस गुण्याने नीट आखून कापून घ्यावा. वरचा डावा कोपरा क, वरचा उजवा ख, खालचा उजवा ग आणि खालचा डावा घ अशी नावे आतल्या बाजूने लिहावीत. ही अक्षरे शेवटपर्यंत खोडू नयेत, कारण तुकडे जोडल्यानंतर मूळ कोपरा कोणता हे त्यांच्यावरूनच कळते.

आपले बदक उजवीकडे तोंड करून पोहत आहे असे धरू. त्याची शेपटी क या कोपऱ्यात वर उचललेली आहे आणि डोके ख या कोपऱ्याशी आहे. आता डाव्या बाजूवर, म्हणजे क पासून घ पर्यंत, एक रेषा काढायची. ती क पासून सुमारे १ सेंटीमीटर बाजूच्या कडेनेच खाली यावी, मग आत वळावी, क पासून २ सेंटीमीटर खाली आल्यावर तिचे टोक चौरसाच्या आत दीड सेंटीमीटरपर्यंत गेलेले असावे आणि तिथून ती परत कडेकडे येऊन, छातीसारखी हलकी आत फुगत, घ पाशी संपावी. रेषा कोपऱ्यातच सुरू झाली पाहिजे आणि कोपऱ्यातच संपली पाहिजे. या नियमाला सूट नाही. त्या रेषेवरून कापल्यावर जो तुकडा निघतो तो न फिरवता आणि न उलटवता सरळ उजवीकडे सरकवावा आणि ख-ग या बाजूला बाहेरून चिकटपट्टीने जोडावा. तुकड्याचे वरचे टोक ख ला आणि खालचे टोक ग ला तंतोतंत लागले पाहिजे. डावीकडे जी खाच पडली तिनेच उजवीकडे चोच आणि छाती तयार झाली आहे.

आता वरची बाजू घ्यावी. क पासून उजवीकडे सुमारे ७ मिलिमीटर कडेनेच जाऊन रेषा खाली उतरवावी, मध्यभागी सव्वा सेंटीमीटर खोल न्यावी आणि क पासून ४ सेंटीमीटरच्या थोडे पुढे पुन्हा कडेवर आणून ख पर्यंत कडेनेच न्यावी. ही बदकाची पाठ झाली. कापलेला तुकडा सरळ खाली सरकवून घ-ग या बाजूला खालून जोडावा. हे त्याचे पोट झाले. ख शेजारी जो पावणेदोन सेंटीमीटरचा भाग शिल्लक राहिला ते डोके आणि क पाशी राहिलेले टोक ती शेपटी.

नक्षी जुळवल्यावर काय होईल हे इथेच डोळ्यांसमोर आणावे. मागच्या बदकाची चोच पुढच्या बदकाच्या शेपटीखालच्या खाचेत जाते आणि वरच्या बदकाचे पोट खालच्या बदकाच्या पाठीच्या खळग्यात बसते. बदक हा प्राणी या पद्धतीला इतका मानवतो त्याचे कारण हेच आहे की त्याची पाठ स्वभावतःच खोलगट आणि पोट फुगीर असते. माशाचेही जमते. उंटाचे जमवायला फार खटपट पडते, कारण त्याची पाठ वर आलेली असते आणि तिला सामावण्यासाठी वरच्या उंटाच्या पोटात तसाच खड्डा पाडावा लागतो.

साच्याची तपासणी दोन प्रकारे करावी. पहिली, क्षेत्रफळाची. मूळ चौरस ३६ चौरस सेंटीमीटरचा होता आणि आपण काहीही फेकलेले नाही वा बाहेरून आणलेले नाही, म्हणून बदकही ३६ चौरस सेंटीमीटरचेच असले पाहिजे. टेबलावर एखादे चिटोरे उरले असेल तर काहीतरी चुकले आहे. दुसरी तपासणी कागदावर करावी. कोऱ्या कागदावर ६ सेंटीमीटरच्या चौकटी फिक्या पेन्सिलीने आखाव्यात, साच्याचे क, ख, ग आणि घ हे कोपरे एका चौकटीच्या चार कोपऱ्यांवर ठेवून बाह्यरेषा गिरवावी आणि मग साचा एक घर उजवीकडे आणि एक घर खाली असा सरकवून पुन्हा गिरवावी. दोन बदकांमधली रेषा एकदाच उमटली तर साचा बरोबर आहे. दुहेरी रेषा उमटत असतील तर जोडताना तुकडा तिरका बसला आहे. चिकटपट्टी काढून तो पुन्हा लावावा. चौकटी न आखता नुसते साच्याला साचा भिडवत जाऊ नये. एका बदकामागे अर्धा मिलिमीटर चुकला तरी सातव्या बदकापर्यंत साडेतीन मिलिमीटरची फट पडते, आणि चौकट असली की प्रत्येक चूक त्याच घरात थांबते.

ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद आणि २९.७ सेंटीमीटर उंच असतो. त्यावर ६ सेंटीमीटरच्या तीन गुणिले चार, म्हणजे १२ चौकटी बसतात. सरावाला तेवढ्या पुरतात. नक्षी म्हणून भरगच्च दिसावी असे वाटत असेल तर तोच आकार ४ सेंटीमीटरच्या चौरसावर पुन्हा रचावा, म्हणजे पाच गुणिले सात, अशी ३५ बदके एका कागदावर येतात.

कात्रीची पद्धत हाताला समज देते, पण तिची एक मर्यादा आहे : तिच्यात रेषा आधी आतच जाऊ शकते. रेषेचा काही भाग चौरसाच्या आत आणि काही बाहेर हवा असेल तर ट्रेसिंग पेपर वापरावा. चौरस आणि डावी रेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवावी, पेपर एक बाजू उजवीकडे सरकवून चौरसाची डावी कड ख-ग वर आणावी आणि रेषा खालच्या कागदावर दाबून उमटवावी. बदकाचा माथा सपाट वाटतो म्हणून तो ३ मिलिमीटर वर उचलायचा असेल तर हीच पद्धत लागते, आणि त्याच वेळी खालच्या कडेवर त्याच्या बरोबर खाली ३ मिलिमीटरची तेवढीच खळगी पाडावी लागते. अशी प्रत्येक सुधारणा जोडीनेच होते. दर वेळी एका कडेला हात लावला की लगेच तिच्या जोडीदार कडेकडे जावे. पुढच्या बदलासाठी थांबू नये.

उलटवण्याची पद्धत : हत्ती

सरकवण्याच्या पद्धतीत सर्व प्राणी एकाच दिशेला तोंड करून राहतात. एक रांग उजवीकडे आणि दुसरी डावीकडे चालत असावी, आणि तरीही सर्व प्राणी पायांवर उभे असावेत, असे हवे असेल तर वरच्या आणि खालच्या कडांचे नाते बदलावे लागते. ही पद्धत मला सर्वांत आवडते, कारण तिच्यातून जो हत्ती निघतो तो जणू या पद्धतीसाठीच घडवला आहे असे वाटते.

कार्डशीटवर ८ सेंटीमीटर रुंद आणि ६ सेंटीमीटर उंच आयत घ्यावा, कोपऱ्यांना पूर्वीचीच नावे द्यावीत आणि कार्डाच्या एका पृष्ठावर फिका रंग फिरवून घ्यावा. पुढे तुकडे उलटवायचे असल्यामुळे वरचे पृष्ठ कोणते हे ओळखू येणे आवश्यक असते.

हत्तीचे तोंड उजवीकडे आहे. खालच्या बाजूवर, घ पासून २ सेंटीमीटर कडेने जाऊन, मागच्या पायापाशी रेषा वर चढवावी, पावणेदोन सेंटीमीटर उंचीची कमान करावी आणि घ पासून साडेपाच सेंटीमीटरवर तिला पुन्हा कडेवर उतरवून ग पर्यंत न्यावी. ही पोटाखालची पोकळी झाली. कापलेला तुकडा पुस्तकाचे पान उलटावे तसा डावीकडून उजवीकडे उलटवावा, म्हणजे त्याचे रंगीत पृष्ठ खाली जाईल, आणि वरच्या क-ख बाजूला बाहेरून जोडावा. खाली पोकळी डावीकडून २ ते साडेपाच सेंटीमीटरमध्ये होती. उलटल्यानंतर वरचा उंचवटा डावीकडून अडीच ते ६ सेंटीमीटरमध्ये आला पाहिजे. तो हत्तीची पाठ होतो आणि त्याच्या उजवीकडे, ख पर्यंत, २ सेंटीमीटरचा भाग डोक्यासाठी राहतो.

डावी आणि उजवी कड मात्र बदकासारखीच, न उलटवता सरकवायची. डावीकडून सोंडेच्या बाह्यरेषेसारखा एक लांबट तुकडा कापावा : क खाली १ सेंटीमीटरवर सुरू होणारा, गंडस्थळाशी थोडा फुगीर, खाली निमुळता होत घ च्या थोडा वर संपणारा. तो सरळ ख-ग ला लावावा. इथे काळजी एवढीच घ्यावी की डावीकडची खाच खालच्या भागात १ सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ नये. मागचा पाय मुळात २ सेंटीमीटरचा आहे आणि त्याहून बारीक झाला तर तो हत्तीचा पाय राहत नाही. सोंड आणि पुढचा पाय यांच्यामध्ये खरे तर मोकळी जागा असते. ती बाह्यरेषेत दाखवण्याचा हट्ट धरू नये. आतून एक जाड रेषा ओढली की सोंड पायापासून सुटी दिसते. कान, सुळा आणि शेपूट हीदेखील आतल्या रेषांची कामे आहेत.

कागदावर ८ गुणिले ६ सेंटीमीटरच्या आयतांची चौकट आखावी. पहिली पूर्ण रांग साच्याचे रंगीत पृष्ठ वर ठेवून गिरवावी, दुसरी रांग साचा डावीकडून उजवीकडे उलटवून, तिसरी पुन्हा रंगीत पृष्ठ वर ठेवून, याप्रमाणे. प्रत्येक हत्तीची पाठ वरच्या रांगेतील, उलट दिशेने चाललेल्या हत्तीच्या पोटाखाली बसते. साचा उलटवताना तो वरून खाली उलटवला जाऊ नये याकडे लक्ष द्यावे, नाहीतर दुसऱ्या रांगेतील हत्तींचे पाय आकाशाकडे जातील आणि कडा जुळणार नाहीत.

फिरवण्याची पद्धत : घोरपड

आता षटकोन. कंपासने ४ सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे आणि तेवढ्याच अंतराने परिघावर सहा खुणा करत जावे. सहावी खूण पहिल्या खुणेवर येऊन मिळते. खुणा जोडून षटकोन करावा आणि कोपऱ्यांना १ ते ६ असे क्रमांक द्यावेत.

१ पासून २ पर्यंत एक मोकळी, वळणदार रेषा काढावी. ट्रेसिंग पेपरवर ती उतरवून घ्यावी, कोपरा २ वर टाचणी रोवावी आणि पेपर १२० अंश फिरवून २-१ ही बाजू २-३ वर आणावी. मग तीच रेषा तिथे गिरवावी. पहिल्या बाजूवर जो भाग बाहेर गेला होता तो दुसऱ्या बाजूवर आत येतो, म्हणून क्षेत्रफळ इथेही कायम राहते. त्यानंतर ३-४ या बाजूवर दुसरी रेषा काढून ती ४ भोवती फिरवून ४-५ वर आणावी आणि ५-६ वर तिसरी रेषा काढून ती ६ भोवती फिरवून ६-१ वर आणावी. तिन्ही रेषा एकमेकींपेक्षा वेगळ्या असू शकतात, नव्हे असाव्यातच. त्या सारख्या असल्या तर प्राण्याऐवजी भिंगरी तयार होते.

या आकाराचा स्वभाव नीट समजून घेतला तर काम सोपे होते. २, ४ आणि ६ हे फिरवण्याचे कोपरे आहेत, म्हणून नक्षीत प्रत्येक २ पाशी तीन प्राण्यांचा तोच अवयव एकत्र येतो. २ वर डोके असेल तर तीन डोकी गालाला गाल लावून जमतात. ४ वर पंजा असेल तर तीन पंजे जमतात. १, ३ आणि ५ या कोपऱ्यांवर मात्र तीन प्राण्यांचे तीन वेगवेगळे अवयव भेटतात. त्यामुळे डोके आणि पाय यांची जागा आधी २, ४ आणि ६ पाशी ठरवून घ्यावी आणि शेपटीसारखा लवचीक अवयव उरलेल्या कोपऱ्यांच्या वाट्याला द्यावा. वरून पाहिलेली घोरपड, पाल, कासव असे चारही बाजूंना पाय पसरणारे प्राणी षटकोनात चांगले बसतात. बाजूने पाहिलेले बदक वा हत्ती इथे बसवू नये, कारण तीनपैकी दोन प्राणी तिरके होतात आणि चालणारा प्राणी तिरका झाला की पडल्यासारखा दिसतो. सरपटणाऱ्याला वर-खाली नसते.

षटकोनांची जाळी आखण्यासाठी आपल्या रांगोळीतली 'पंधरा ते आठ' ठिपक्यांची मांडणी फार उपयोगी पडते. मधल्या ओळीत १५ ठिपके आणि वर व खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करत, मागच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध ठिपका देत, ८ पर्यंत गेले की संपूर्ण मांडणीच षटकोनी होते, आणि आतल्या कोणत्याही ठिपक्याभोवतीचे सहा ठिपके जोडले की लहान षटकोन मिळतो. अंगणात हे अंतर नजरेने चालते, पण कागदावर ते मोजूनच घ्यावे : दोन ठिपक्यांमधील अंतर २ सेंटीमीटर असेल तर दोन ओळींमधील अंतर १.७३ सेंटीमीटर असले पाहिजे, आणि ४ सेंटीमीटर असेल तर ३.४६ सेंटीमीटर. ओळींमध्येही पूर्ण २ सेंटीमीटर ठेवले तर षटकोन उभे ताणले जातात आणि फिरवलेला साचा त्यांच्यात बसत नाही. ए-फोर कागद या कामाला अपुरा पडतो. ड्रॉइंग शीट घ्यावी.

आणखी एक सोपा मार्ग सांगून ठेवतो. कोणताही चौकोन घ्यावा, त्याच्या प्रत्येक बाजूचा मध्यबिंदू काढावा, कोपऱ्यापासून मध्यापर्यंत हवी ती रेषा काढावी आणि मध्यावर टाचणी ठेवून ती अर्धा फेरा फिरवून बाजूच्या उरलेल्या अर्ध्या भागावर उतरवावी. चारही बाजूंना असे केले की तयार होणारा आकार न चुकता कागद भरतो. गणिताच्या दृष्टीने एका प्रतलावर अशा आवर्ती नक्षींचे एकंदर १७ प्रकार होतात. रशियन गणिती फ्योदोरोव्ह यांनी १८९१ मध्ये ते सिद्ध केले. प्राण्यांच्या नक्षीसाठी वरचे चार मार्ग हाताशी असले की बराच पल्ला गाठता येतो.

प्राणी ओळखू येण्यासाठी

काही वेळा आधी प्राणी ठरवून रेषा काढली जाते, काही वेळा रेषा आधी येते आणि प्राणी तिच्यात शोधावा लागतो. दुसऱ्या प्रकारात साचा चारही दिशांनी फिरवून आणि उलटवून पाहावा, प्रत्येक स्थितीत त्याची बाह्यरेषा एकेका चिटोऱ्यावर गिरवावी आणि ती सर्व चिटोरी भिंतीला लावून लांबून पाहावीत. मुलांना यात मोठ्यांपेक्षा लवकर प्राणी दिसतो, म्हणून त्यांना विचारावेच. प्राणी दिसला की सर्वांत आधी डोळा काढावा. डोळ्याची जागा ठरली की तोंड कुठे आणि पाठ कुठे हे पाहणाऱ्याला आपोआप कळते, आणि तोच डोळा अर्धा सेंटीमीटर सरकला तर बदकाचा मासा होतो.

बाह्यरेषेत कोणते अवयव यायलाच हवेत याचा विचार करावा. हत्तीची सोंड, बदकाची चोच, घोरपडीचे पाय आणि शेपटी यांच्याशिवाय तो प्राणी ओळखता येत नाही. पिसे, खवले, नखे आणि कातडीच्या सुरकुत्या आतून भरता येतात. फार बारीक मान आणि फार लांब पाय टाळावेत. बगळा काढण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण त्याच्या पायांएवढीच अरुंद खाच दुसऱ्या बगळ्याच्या अंगात पडते आणि त्याचे शरीर दुभंगल्यासारखे दिसते.

रंग आणि शेवटची प्रत

चौरस आणि आयताच्या नक्षीला दोन रंग पुरतात. बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एकाआड एक भरले की कड लागून असलेले कोणतेही दोन प्राणी एका रंगाचे होत नाहीत. षटकोनाला तीन रंग लागतात, कारण तिथे प्रत्येक कोपऱ्यात तीन प्राणी एकमेकांना लागून असतात. रंग निवडताना त्यांच्या छटेपेक्षा त्यांच्या गडद-फिकेपणाकडे पाहावे. लाल आणि हिरवा हे रंग वेगळे असूनही सारखेच गडद असतील तर लांबून नक्षी एकजीव होते आणि प्राणी हरवतात. मान मंदिराच्या भिंतीवर गडद निळ्यावर उजळ पिवळे बदक इतक्या अंतरावरून दिसते ते या फरकामुळेच. बाह्यरेषा काळ्या शाईने ओढायची असेल तर ती शेवटी ओढावी आणि तिची जाडी सर्वत्र एकच ठेवावी. जाड रेषा फटीसारखी दिसते आणि सारी मेहनत झाकून टाकते.

शेवटची प्रत करताना कागदाच्या चारही कडांना प्राणी पुरा बसलाच पाहिजे असा आग्रह धरू नये. चौकट कागदाच्या बाहेरपर्यंत गेली आहे असे समजून कडेचे प्राणी अर्धवट, जिथे कागद संपतो तिथेच कापलेले ठेवावेत. एकही प्राणी अर्धा राहू नये म्हणून कडेला पांढरी जागा सोडली तर नक्षीभोवती वेडीवाकडी किनार उमटते आणि नजर प्राण्यांऐवजी तिच्याकडे जाते. चित्र चौकटीत लावायचे असेल तर ते आधी सर्व बाजूंनी २ सेंटीमीटर मोठे काढावे, मग पट्टी आणि कटरने सरळ छाटावे आणि छाटताना वरची कड प्राण्यांच्या डोळ्यांमधून जात नाही ना, हे पाहून घ्यावे.